बूडसाहेब

माझा मेहुणा आमच्याकडे आठ दिवस राहायला म्हणून आला होता. त्याला अकरा महिने होऊन गेले होते आणि आठवा दिवस काही उजाडत नव्हता.

माणूस वाईट नव्हता. खरं तर तीच अडचण होती. वाईट असता तर भांडून घालवला असता. हा सकाळी उठून स्वतःची गादी स्वतः गुंडाळायचा, आपल्या ताईला, म्हणजे माझ्या बायकोला, भाजी निवडून द्यायचा, आणि मग खिडकीजवळच्या दिवाणावर जो बसायचा तो दिवाणाचाच एक भाग होऊन जायचा. वजन एकशे सव्वीस किलो. पूर्वी तो ट्रकांच्या वजनकाट्यावर नोकरीला होता. वीस वर्षं दुसऱ्यांचा भार मोजला, मग तो काटाच बंद पडला आणि हा घरी बसला. फक्त घर त्याचं नव्हतं, माझं होतं.

मी फर्निचरच्या कारखान्यात लाकूड वाळवतो. लाकूड म्हणजे निलगिरी. लोकांना निलगिरी म्हटलं की सर्दीचं तेल आठवतं, आम्ही तिच्या खुर्च्या करतो. लागवडीतली झाडं दिसायला फार गुणी असतात. एका वयाची, एका उंचीची, रांगेत उभी. पण ओंडका करवतीवर घातला की त्यांचा खरा स्वभाव कळतो. फळी सुटता सुटताच वाकते, पिळवटते, टोकाला तडकते, जणू इतकी वर्षं रांगेत उभं केल्याचा राग तिने आमच्यासाठीच राखून ठेवलेला असतो. आत पाणीही पुष्कळ. ते हळूहळू काढावं लागतं. आधी फळ्या शेडमध्ये थप्पी लावून ठेवायच्या, दोन फळ्यांच्या मध्ये बारीक पट्ट्या घालून, म्हणजे हवा खेळते. मग भट्टीत. भट्टी म्हणजे बसचं गॅरेज असतं तेवढी बंद खोली, त्यात पंखे आणि वाफेचे पाइप. पहिले काही दिवस हवा कोमट आणि दमट ठेवायची, नंतर उष्णता चढवत न्यायची. अठ्ठावीस दिवस लागतात. घाई केली तर फळी वरून सुकून कडक होते आणि पोटात फाटते. बाहेरून बघाल तर अगदी सज्जन.

हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. म्हणूनच पुढे मी जे केलं त्याला सबब नाही.

आमच्या कारखान्याच्या मालकीणबाई साठीच्या आहेत. घटस्फोटात नवऱ्याने घर घेतलं आणि तोट्यातला कारखाना यांच्या गळ्यात मारला. बाईंनी तो असा चालवला की आता तो नवरा त्या घरात बाईंच्याच कारखान्यातल्या पलंगावर झोपतो, आणि पलंग घ्यायला आला तेव्हा बाईंनी त्याला रांगेत उभं केलं होतं.

त्या वर्षी महापालिकेच्या नव्या सभागृहासाठी चारशे खुर्च्यांचं काम आलं. अट अशी होती की दर दहातली एक खुर्ची वजन टाकून तपासायची. आमचं तपासणीचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं, ते काही परत येईना.

"तिथे बसणारी माणसं एकदा बसली की पाच वर्षं उठत नाहीत," बाई म्हणाल्या. "खुर्ची मोडली तर सरकार पडलं असं होईल. कुणी जाड माणूस आहे का ओळखीचा?"

मी एवढी चांगली बातमी कित्येक महिन्यांत ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याला घेऊन गेलो. बाईंनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, फळी बघतात तशी.

"वजन?"

"एकशे सव्वीस किलो दोनशे ग्रॅम."

"टिकाऊ आहे का?"

"सहा वर्षं हललेलं नाही," मेहुणा नम्रपणे म्हणाला.

असा तो कामाला लागला. काम म्हणजे खुर्चीत बसायचं, उठायचं, परत बसायचं, मागे रेलायचं, मागच्या दोन पायांवर झुलायचं. एका खुर्चीला दोनशे वेळा. मला वाटलं होतं दोन दिवसांत कंटाळेल. पण बसणं ही एकच गोष्ट तो आयुष्यभर मन लावून करत आला होता, आणि आता पहिल्यांदाच त्याला कुणी त्याचा पगार देत होतं. तो डोळे मिटून बसायचा आणि कान लावून ऐकायचा.

"या खुर्चीला खोकला आहे," तो म्हणायचा. "डावीकडे, मागे." बघावं तर खरोखरच तिथला सांधा केसभर ढिला असायचा.

सांधे जोडणारे आमचे मिस्त्री. तीस वर्षं कारखान्यात, अंगाने काटकुळे, आणि स्वतःच्या कामाबद्दल एक शब्द ऐकून न घेणारे. पहिल्या आठवड्यात तीन खुर्च्यांना खोकला निघाला तेव्हा त्यांनी हातातला लाकडी हातोडा खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तीस वर्षं हाताने काम केलं. आता बूड सांगणार मला काय चुकलं ते."

त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं बूडसाहेब. त्याला ते आवडलं. त्याला आधी कुणी साहेब म्हटलेलं नव्हतं, म्हणून नावाचा पहिला अर्धा भाग त्याने सोडून दिला.

पण घरी वेगळंच सुरू झालं. नोकरी लागली म्हणून बायकोने त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, साखर वाढलीय, रक्तदाब वाढलाय, तीस किलो उतरवा, नाहीतर मला परत तोंड दाखवू नका. बायकोने त्याच संध्याकाळी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. मेहुण्याच्या ताटात उकडलेलं काहीतरी हिरवं यायला लागलं. आणि दुपारी कारखान्यात बाई त्याच्यासाठी दोन माणसांचं जेवण मागवायला लागल्या, कारण तपासणीच्या कागदावर एकशे सव्वीस किलो लिहिलेलं होतं.

"तुमच्या खुर्च्यांपायी माझ्या भावाला मारणार आहात का?" बायकोने मला विचारलं.

"मी कुठे काय म्हणतोय."

"तेच तर. तुम्ही कधीच काही म्हणत नाही. बाईंना सांगा, त्याला जास्तीचं जेवण द्यायचं नाही."

मी बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, "चारशे खुर्च्या होईपर्यंत थांब म्हणावं. मग खुशाल काडी करा त्याची." मी घरी येऊन सांगितलं की बाई विचार करतायत.

निर्णय मेहुण्यानेच घेतला. तो ताईच्या बाजूने गेला. कारखान्यातलं जेवण त्याने बंद केलं आणि दीड महिन्यात नऊ किलो उतरवले. ते भरून काढायला त्याने स्वतःच युक्ती काढली. कापणीतून उरलेले निलगिरीचे ठोकळे एका पोत्यात भरायचे, काट्यावर नऊ किलो मोजून घ्यायचे, आणि ते पोतं मांडीवर घेऊन बसायचं. काट्यावरचाच माणूस, त्याचा हिशोब ग्रॅमलाही चुकायचा नाही. लांबून बघितलं की वाटायचं कुणीतरी गुटगुटीत नातवाला खेळवतंय.

आता माझ्या पापाकडे येतो.

लाकडाच्या तीन भट्ट्या, म्हणजे भट्टीच्या तीन खेपा, लागल्या होत्या. ओळखायला पहिल्या भट्टीच्या फळ्यांच्या टोकाला निळा रंग, दुसरीला पिवळा, तिसरीला लाल. खुर्ची झाली की बैठकीखाली त्याच रंगाचा ठिपका. दुसरी भट्टी लावली तेव्हा बाई दारात येऊन सहज म्हणाल्या होत्या, "जरा लवकर होईल का?" त्यांनी विचारलं होतं, सांगितलं नव्हतं. "नाही" म्हणायला मला एक श्वास पुरला असता. पण मला लोकांना हो म्हणायची खोड आहे. कुणी कौतुकाने बघितलं की माझं तोंड माझ्या आधी बोलतं. "बघतो की," म्हणालो, आणि पहिल्या आठवड्यातच वाफ कमी करून उष्णता चढवली. सतराव्या दिवशी माल बाहेर. वरून एकही तडा नाही. बाईंनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. मी दोन दिवस छाती काढून फिरलो.

मग एका सकाळी, एकशे चाळिसाव्या बैठकीला, मेहुण्याच्या खालच्या खुर्चीचा मागचा पाय मोडला. काडेपेटी उघडावी एवढाच आवाज झाला. मेहुणा पोत्यासकट मागे आडवा झाला, ठोकळे चहूकडे गडगडले, आणि सगळा कारखाना पोट धरून हसला. मीही हसलो. मग मोडलेला पाय माझ्याजवळ आला. मोडलेल्या तोंडाशी लाकडाच्या पोटात बारीक बारीक फटी होत्या. ठिपका पिवळा होता.

बाई आल्या. पाय सांध्याच्या जवळ मोडला होता, म्हणून त्यांनी मिस्त्रींना धारेवर धरलं. भोक खोल पाडलं असणार, लाकडाला तिथे जीवच उरला नसणार, वय झालं की हाताचा अंदाज जातो, चष्मा बदला, असं बरंच काही. मिस्त्रींनी डब्यातून चष्मा काढला, पुसला, आणि ते खुर्च्या एकेक करून सांधे तपासायला बसले.

आणि मी भट्टीकडे गेलो, जणू तिथे काही फार महत्त्वाचं काम अडलं होतं.

चार दिवस मी गप्प राहिलो. मी मनाशी वेगवेगळी भाषणं करत होतो. एकच पाय आहे, होतं कधीकधी. मिस्त्रींना सवय आहे बोलणी खायची. सगळ्यात लाजिरवाणं म्हणजे एकदा मला खरंच वाटलं की मेहुण्याचं वजनच जास्त आहे.

मेहुणा मात्र पडल्यापासून विचारात होता. पाचव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तो पोत्यातले ठोकळे जमिनीवर मांडून बसला होता, हातात चहाचा कप. जवळ गेलो तर तो चहात बोट बुडवून एकेका ठोकळ्याच्या कापलेल्या तोंडावर फिरवत होता. निळ्याचं तोंड नुसतं ओलं होत होतं. लालचंही. पिवळ्यांपैकी तीन-चारांवर चहा पोचला की केसासारख्या काळ्या रेघा उमटत होत्या.

"हे बघा भावोजी," तो म्हणाला. "चहा आत जातो. म्हणजे आत जागा आहे."

"हं."

"मिस्त्रींचा सांधा नाही हा. लाकूडच आतून फाटलंय."

"असेल," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग भट्टीच्या भिंतीवर टांगलेल्या कागदाकडे पाहिलं. त्यावर माझ्याच अक्षरात तिन्ही भट्ट्यांच्या तारखा लिहिल्या होत्या, लावली कधी, काढली कधी. वीस वर्षं ट्रकांच्या पावत्या वाचलेला माणूस. अठ्ठावीस, सतरा, अठ्ठावीस हे त्याला दिसायला चष्मा लागणार नव्हता.

मला वाटलं, आता विचारणार. उत्तरही तयार ठेवलं होतं, अर्थात खोटं. पण त्याने चहा संपवला, ठोकळे परत पोत्यात भरले, आणि तो उठून बाईंच्या खोलीत गेला. मी खिडकीखाली उभा राहिलो. भट्टीवाल्याला खिडकीखाली काय काम, असं कुणी विचारलं नाही हे नशीब.

"बाई, दहातली एक पुरत नाही," तो सांगत होता. "पिवळ्या ठिपक्याच्या सगळ्याच्या सगळ्या मी बसून बघतो. एकशे चाळीस आहेत."

"का, पिवळ्यांत काय आहे?"

"बसल्याशिवाय कसं सांगू."

त्याने माझं नाव घेतलं नाही. मला हायसं वाटलं, आणि त्याहून जास्त स्वतःची किळस आली.

एकशे चाळीस खुर्च्या, प्रत्येकीवर दोनशे वेळा बसायचं. तुम्ही घरी वीस वेळा बसून-उठून बघा, मग मला सांगा. पहिल्या दिवशी त्याने सोळा केल्या आणि संध्याकाळी कठड्याला धरून स्वतःला ओढत आमचा जिना चढला. दुसऱ्या दिवशी पंधरा. दोन खुर्च्या मोडल्या, तो दोनदा पडला, कोपर सोलवटलं. बायकोने पाठीला मलम लावता लावता विचारलं, "अरे, असली कसली नोकरी?" तो पालथा पडून म्हणाला, "ताई, व्यायाम समज." वजन असं उतरायला लागलं की पोत्यात रोज नवे ठोकळे घालावे लागले. बायको खूश. जेवताना ती म्हणाली, "तुमच्या कारखान्याने एक तरी चांगलं काम केलं." मेहुणा ताटातलं हिरवं खात होता. माझ्याकडे बघत नव्हता, मुद्दाम.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याची पस्तिसावी खुर्ची मोडली तेव्हा मिस्त्री तिथेच होते. ते आले, त्याला हात देऊन उठवलं आणि म्हणाले, "बूडसाहेब, पुरे करा. माझे सांधे खराब असतील तर खराब. जीव कशाला देताय." आठवडाभर सगळे सांधे उलटेपालटे करून त्यांना स्वतःच्याच हातांची शंका यायला लागली होती. त्यांचा आवाज असा मऊ झालेला मी प्रथमच ऐकला.

मी सरळ बाईंच्या खोलीत गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वाफ कधी कमी केली, उष्णता कधी चढवली, का चढवली. शेवटी म्हणालो, "मोडलेला पाय पाहिला तेव्हाच मला कळलं होतं."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे आठवडाभर मी मिस्त्रींचा सगळ्यांसमोर पाणउतारा करून बसलेय आणि तू बघत होतास."

"हो."

"आणि सतराव्या दिवशी माल निघाला तेव्हा मला कळायला हवं होतं. इतकी वर्षं निलगिरी कापतेय, मीच तुझी पाठ थोपटली." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "म्हणजे या कारखान्यात गाढवं दोन. एक खोटं बोललं आणि एक खूश झालं. पण त्यातलं एकच पगारवाढ विसरणार आहे. चल."

आम्ही मिस्त्रींकडे गेलो. बाईंनी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली, जशी सगळ्यांसमोर बोलणी ऐकवली होती तशीच, एकही शब्द न गाळता. मग माझी पाळी. मी काय बोललो ते मला धड आठवत नाही. मिस्त्रींनी ऐकून घेतलं, हातोडा उचलला आणि म्हणाले, "जा, काम कर."

त्यापेक्षा दोन मुस्कटात दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढचे तीन आठवडे ते माझ्याशी कामापुरतंही बोलले नाहीत. काही हवं असलं तर माझ्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाला सांगायचे.

पिवळ्या ठिपक्याच्या एकशे चाळीसही खुर्च्या उकलल्या. नवी भट्टी लावली, अठ्ठावीस दिवस मोजून, आणि नवे पाय नव्या लाकडाचे केले. जुने पाय उकलायचं काम बाईंनी मला दिलं, भट्टीचं सांभाळून. डिंक घट्ट बसलेला सांधा काढणं म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं. त्या सगळ्या खुर्च्यांत मिस्त्रींचा एकही सांधा ढिला नव्हता. माझ्या हातांना फोड आले आणि प्रत्येक फोड मिस्त्रींच्या कामाची तारीफ करत होता. हे एकदा मी त्यांच्याजवळ बोलून दाखवलं. ते हसले नाहीत, पण त्या दिवशी पहिल्यांदा छिन्नी त्यांनी माझ्याच हातात दिली.

खुर्च्या दीड महिना उशिरा गेल्या. सभागृहातली माणसं तोवर उभ्याने बैठका घेत होती म्हणे, आणि त्या काळात सगळे निर्णय भराभर झाले.

तपासणीचं यंत्र परत आलं. मेहुण्याचं वजन तोवर एकशे तीनवर आलं होतं. मला वाटलं, आता याची नोकरी गेली. पण बाईंनी त्याला भट्टीवर लावलं. माल बाहेर काढायच्या आधी त्याने प्रत्येक थप्पीतला एक तुकडा कापून, चहा लावून बघायचा आणि सही करायची. त्याच्या सहीशिवाय मी भट्टीचं दार उघडायचं नाही. म्हणजे घरी तो माझा पाहुणा आणि कारखान्यात माझ्यावर साहेब.

एकदा काम संपल्यावर मी त्याला विचारलं, "तू बाईंना त्या दिवशीच का नाही सांगितलंस? तुला कळलं होतं."

"कळलं होतं."

"मग?"

"तुमच्या घरी राहत होतो ना भावोजी," तो म्हणाला. "वर्षभर तुम्ही मला जा म्हणाला नाहीत. मनात रोज म्हणत होतात, ते मला दिसायचं. पण तोंडाने कधी म्हणाला नाहीत."

ते माझ्या चांगुलपणाने नव्हतं, त्याच खोडीने होतं. पण हे मी त्याला सांगितलं नाही. तेही बहुधा त्याला दिसत असावं.

पुढच्या महिन्यात त्याने कारखान्याजवळ खोली घेतली, चौथ्या मजल्यावर. बायको रडली, मग त्याच्या ट्रंकेत डॉक्टरांचा कागद, वजनाचा काटा आणि तीन पानी सूचना भरून मोकळी झाली. ट्रंक मी उचलली. तो पुढे रिकाम्या हाताने चढत होता, कारण त्याच्या पाठीला अजून आराम सांगितला होता. दर मजल्यावर थांबून तो माझी चौकशी करायचा, दम लागला का म्हणून.

खोली लहान होती, पण उजेडाची. एक खिडकी, एक नळ, भिंतीला दोन खिळे. सामान म्हणावं असं काहीच नव्हतं. मी ट्रंक ठेवली आणि भिंतीला टेकून धापा टाकत म्हणालो, "बाईंना सांगून एक खुर्ची आणतो उद्या. निळ्या ठिपक्याची."

"नको हो," मेहुणा म्हणाला, आणि मांडी घालून फरशीवर बसला, सावकाश, अगदी आवडीने. "काही दिवस खालीच बसतो. इथून पडायला जागा नाही."

मीही त्याच्या शेजारी बसलो. मागे राहिलेली बायको जिना चढून येईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून होतो.